राजासॉरस नेमका केवढा होता? (मागच्या एपिसोडमधली चूक दुरुस्त)

मागच्या एपिसोडमध्ये मी अगदी ठणकावून सांगितलं होतं की आपला राजासॉरस ३० फूट लांब होता. त्यावर कल्याणच्या एका शाळकरी मुलाचा मेसेज आला, "दादा, पण मोजला कोणी?" उत्तर टाइप करायला घेतलं आणि लक्षात आलं, अख्खा राजासॉरस कोणी मोजलेलाच नाही. आजचा एपिसोड त्याच्यासाठी.

ज्यांनी मागचा भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिंगवाला डायनासोर म्हटलं की आपल्याला ट्रायसेराटॉप्स आठवतो, चार पायांचा, पाला खाणारा. राजासॉरस तसला नाही. हा दोन पायांवर चालणारा मांसाहारी, आणि कपाळावर एकच बुटकं, गोलसर शिंग. त्याची हाडं गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहिओलीत मिळाली. १९८२ ते १९८४ च्या दरम्यान भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी ती जमवली. तिथे लांब मानेच्या डायनासोरांची हाडंही मिसळलेली होती. पण कुठलं हाड कुठे पडलं होतं याचा नकाशा त्यांनी काढून ठेवला होता. त्यामुळे वीसेक वर्षांनी जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, अशोक साहनी आणि बाकीच्यांना एकाच प्राण्याची हाडं वेगळी करता आली. २००३ मध्ये नाव ठेवलं राजासॉरस नर्मदेन्सिस. (डेटासोबत नीट नोंदी ठेवल्या की काय होतं बघा. आमच्या ऑफिसात हे कोणाला पटत नाही.)

आता, हातात काय होतं? कवटीचा मेंदूभोवतीचा भाग, काही मणके, कमरेची आणि मागच्या पायांची हाडं, थोडी शेपटी. बस. बाकी सगळं रिकामं.

सकाळी ८.१२ च्या डोंबिवली लोकलमध्ये उभे आहात असं समजा. गर्दीत एका माणसाचा फक्त हँडल धरलेला हात दिसतोय. त्याची उंची सांगा. तुम्ही काय कराल? ओळखीचा, पूर्ण पाहिलेला माणूस आठवाल आणि म्हणाल, त्याचा हात एवढा, उंची एवढी, म्हणजे ह्याची अमुक. पण आठवलेला माणूस लांब हातांचा निघाला तर गणित फसलं. शिवाय हाताऐवजी बूट दिसला असता तर उत्तर वेगळंच आलं असतं.

राजासॉरसचं हेच झालं. त्याचे ओळखीचे नातेवाईक म्हणजे मादागास्करचा माजुंगासॉरस आणि अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस. माजुंगासॉरसचे पाय शरीराच्या मानाने आखूड. कार्नोटॉरसचा सांगाडा बराचसा पूर्ण आहे, पण शेपटीचं टोक त्याचंही गायब! आणि लांबी मोजताना शेपटीच तर सगळ्यात जास्त जागा खाते. म्हणजे ज्या फूटपट्टीने मोजायचं तीच तुटलेली.

२००३ च्या बातम्यांमध्ये आकडा होता २५ ते ३० फूट. माझ्यासारखे लोक अर्थातच ३० उचलतात. नंतर ओर्लांडो ग्रिलो आणि राफाएल देलकुर्त यांनी या पूर्ण कुळाचा हिशोब नव्याने मांडला. एकाच नातेवाइकाला धरून त्रैराशिक मांडण्याऐवजी त्यांनी अनेक प्राण्यांमध्ये कुठलं हाड शरीराच्या लांबीबरोबर कसं वाढतं ते तपासलं. कार्नोटॉरस आला सुमारे ७.८ मीटर आणि आपला राजा ६.६ मीटर, म्हणजे बावीसेक फूट. लोकलचा डबा साधारण २० मीटरचा असतो. म्हणजे आपला राजा एक तृतीयांश डब्यात मावला.

आठ फुटांनी काय बिघडतं, असं वाटेल. वजन काढायला घ्या म्हणजे कळेल. लांबी वाढते तशी रुंदी आणि उंचीही वाढते, त्यामुळे वजन घनाने वाढतं. ९ मीटर भागिले ६.६, साधारण १.३६. त्याचा घन अडीचच्या आसपास. म्हणजे ३० फूट सांगताना मी त्या प्राण्याचं वजन अडीच पट करून ठेवलं होतं! म्हणूनच वजनासाठी बरेचदा लांबीवर न जाता मांडीच्या हाडाचा घेर मोजतात. शरीराचा भार त्या हाडावरच येतो, त्यामुळे त्याची जाडी वजनाच्या जास्त जवळ जाते.

६.६ हा आकडाही उद्या बदलू शकतो, फक्त नवी हाडं मिळायला हवीत. ती ठाण्यात किंवा डोंबिवलीत मिळणार नाहीत. मुंब्र्याला खिडकीतून दिसणारा पारसिकचा डोंगर बसाल्टचा आहे, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. (६.६ पुन्हा आलं, योगायोग.) डायनासोरांची हाडं देणारे लॅमेटा थर या दगडाच्या कडेकडेने उघडे पडतात: गुजरातेत, जबलपूरला आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात. तिथल्या डोंगरगावचा लांब मानेचा इसिसॉरस १९९७ मध्ये जगासमोर आला. त्याच भागातल्या पिसदुऱ्याच्या शेतजमिनीतही हाडांचे तुकडे मिळालेत.

मागच्या एपिसोडच्या वर्णनात ३० फूट खोडून "अंदाजे २२ फूट" केलंय. मेसेज करणाऱ्या मित्रा, "अंदाजे" हा शब्द तुझ्यामुळे आलाय.