हिरड्याला विमा नाही

3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेले निसर्ग चक्रीवादळ समुद्रकाठीच ओसरले नाही. सह्याद्री ओलांडून ते जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात शिरले आणि तिथल्या महादेव कोळी कुटुंबांना रोख पैसा मिळवून देणाऱ्या हिरड्याचे नुकसान करून गेले. कोकणच्या कड्यावर वसलेले आहुपे याच पट्ट्यात येते, त्यामुळे सागरी वादळांची जोखीम केवळ किनारी गावांपुरती मोजणे अपुरे ठरते.

विमा म्हणजे अनेकांनी थोडा थोडा हप्ता भरून काहींचे मोठे नुकसान सर्वांनी वाटून घेण्याची सोय. परंतु 2016 पासूनची पंतप्रधान पीक विमा योजना केवळ अधिसूचित पिकांना, म्हणजे त्या त्या महसूल मंडळासाठी शासनाने जाहीर केलेल्या पिकांनाच लागू होते. भात तिच्यात बसतो. रानात आणि बांधावर आपसूक वाढलेला हिरडा पेरलेलाही नसतो आणि हेक्टरातही मोजता येत नाही. त्याच वादळानंतर शासनाने कोकणातील नारळ-सुपारीसाठी झाडागणिक मदत ठरवली, यावरून मोजमापाचे एकक बदलणे शक्य असते, हे स्पष्ट होते. हिरड्याच्या भरपाईसाठी मात्र आदिवासींना दीर्घकाळ आंदोलन करावे लागले, आणि हा भेद अन्यायकारक आहे.

कर्जाची गोष्टही निराळी नाही. बँक सातबारा आणि पीक पाहून कर्ज देते. वनोपजावर जगणाऱ्याकडे तसे तारण क्वचितच असते. आदिवासी विकास महामंडळाची 1978 मध्ये सुरू झालेली खावटी कर्ज योजना ही पावसाळ्यातील उपासमार टाळण्यासाठी होती, नुकसानीनंतर उत्पन्न उभे करण्यासाठी नव्हे. जिथे व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, तिथे वादळ माल नेते आणि देणे मागे ठेवते.

निर्देशांक विमा हा यावरचा एक मार्ग आहे: वाऱ्याचा वेग किंवा पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की पंचनाम्याची वाट न पाहता रक्कम मिळते. कॅरिबियनमधील ग्रेनाडा आणि सेंट लुसिया या बेटांवरील मच्छीमारांसाठी 2019 मध्ये असे संरक्षण सुरू झाले. मात्र खोऱ्यातील यंत्राने नोंदवलेला वारा आणि आहुप्याच्या कड्यावरचा वारा सारखा नसतो, म्हणून घाटमाथ्यावर स्वतंत्र हवामान केंद्र हवे आणि त्याच्या जोडीला ग्रामसभेने केलेली हिरड्याच्या झाडांची कुटुंबनिहाय नोंद विमा कंपनीने व बँकेने ग्राह्य धरायला हवी.