लोहमार्ग आणि कास्तकाराची वही

महसूल खात्यात कारकुनी करीत असता सातबाऱ्याचे किती उतारे आमच्या हातून लिहिले गेले, याची गणना नाही. त्या कागदावर जमिनीचा गट, आकार, कब्जेदाराचे नाव, पीक व त्याखालील क्षेत्र हे सर्व असते. परंतु बांधीतून निघालेले धान पुढे कोठे गेले, किती दिवसांनी गेले, कशातून गेले व वाटेत किती घटले, यास त्यात रकाना नाही. सरकारने तो ठेवला नाही, आणि आपणही घरच्या वहीत तो कधी आखला नाही. वडसा ते गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाचे काम चालू असता या नसलेल्या रकान्याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. तेव्हापासून त्याच्या वाट्यास वडसा हे एकच रेल्वेस्थानक आले. सिरोंचाच्या कास्तकारास तर वडसा दूर आणि गोदावरीपलीकडचा तेलंगण जवळ, अशी स्थिती आहे. तेव्हा नव्या मार्गाचा आनंद कोणास होणार नाही? पण रूळ दाराशी आले म्हणजे माल आपोआप गाडीत चढतो, अशी समजूत असेल तर ती आजच सोडलेली बरी.

आपल्या मुलखात आगगाडी प्रथम आली ती धानासाठी आली नाही. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोहोचला, त्यात वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाची ओढ मोठी होती. पुढील दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत फाटा निघाला तो तेथील कोळशाकरिता. १९०६ साली वरोऱ्याची खाण बंद पडली, तेव्हा दृष्टी बल्लारपूरच्या कोळशाकडे वळली. १९२९ साली बल्लारशा व काझीपेठ यांमधील दुवा जुळला आणि दिल्लीहून मद्रासकडे जाणारा सरळ मार्ग चांद्याच्या अंगणातून गेला. कोळसा, बांबू, कागद आणि अलीकडे सुरजागडचे लोहखनिज, या मालाच्या धन्यांनी आपल्या मालाचे वजन, हंगाम व अंतर मोजून मागणी केली. धानाच्या बाजूने असा हिशेब हाती घेऊन उभे राहणारे मात्र आपल्यात फारसे निघाले नाहीत.

धानाच्या प्रदेशातून जो मार्ग गेला तो अडीच फुटी. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून वडसा, नागभीड, मूल यांवरून चांदा फोर्टपर्यंत, आणि नागभीडहून उमरेडवरून नागपुरापर्यंत हे अरुंद रूळ टाकले. मुख्य मार्ग साडेपाच फुटी. सबब लहान गाडीतले पोते मोठ्या गाडीत जावयाचे तर जंक्शनावर उतरवून पुन्हा चढविणे भाग होते. प्रत्येक उतार-चढावास हमाली लागते, हमालाचा आकडा पोत्यास भोक पाडतो, आणि पलीकडची वाघीण रिकामी होईतो माल धक्क्यावर पडून राहतो. गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला. नागभीड-नागपूर या मार्गावरील लहान गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली व तोही रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. रुळांच्या रुंदीसारखी बाब कास्तकाराच्या पोत्यापर्यंत कशी पोहोचते, हे यावरून कळून येईल.

माल कोठून, केव्हा, कशातून व किती खर्चात न्यावा याचे आता एक स्वतंत्र शास्त्र बनले आहे. पुस्तकांत त्यास लॉजिस्टिक्स म्हणतात. रेल्वेने आपल्या बाजूने शिक्षण व संशोधन यांची तजवीज फार पूर्वीच आरंभिली. अधिकाऱ्यांचे स्टाफ कॉलेज १९३० साली डेहराडून येथे निघाले व १९५२ साली बडोद्यास गायकवाडांच्या प्रताप विलास राजवाड्यात पुन्हा सुरू झाले. डबे, वाघिणी, रूळ यांचे नमुने ठरविणारी व त्यांची कसोटी घेणारी संशोधन संस्था १९५७ पासून लखनौस आहे. आपल्या महाराष्ट्रात रूळ, पूल इत्यादी बांधकामाचे शिक्षण पुण्यास १९५९ पासून, तर विजेच्या इंजिनांचे नाशिक रोडला १९८८ पासून दिले जाते. या सर्व संस्था रेल्वेच्या नोकरवर्गासाठी व तिच्या कामासाठी. बाहेरच्या विद्यार्थ्यांकरिता दार उघडले ते २०१८ साली, बडोद्यासच. तेथे रेल्वे व वाहतूक यांची अभिमत संस्था निघाली, आणि २०२२ साली तिचे गतिशक्ती विश्वविद्यालय या नावाने केंद्रीय विद्यापीठ झाले. वाहतुकीचे तंत्र व व्यवस्था हे दोन्ही विषय तेथे पदवीपर्यंत शिकता येतात.

हे शास्त्र थोरामोठ्यांचे, आपणास त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यास आमचीच एक फजिती सांगतो. एका वर्षी आम्ही घरी ४१ कट्टे धान मोजून ठेवले. ४० किलोचा कट्टा धरून १,६४० किलो. खरेदी-केंद्रावर पाळी येईपर्यंत महिना-सव्वा महिना गेला. तोवर कट्टे ताडपत्रीखाली होते. काट्यावर चढविले तो ६१ किलो कमी भरले. आम्ही बंडीवाल्यास दोष दिला, हमालास दिला, काटेवाल्यास तर चारचौघांत बोललो. पुढे निवृत्तीनंतर एका कृषी पदवीधराने कागदावर गणित करून दाखविले. शेकडा १७ ओलाव्याचे धान शेकडा १४ वर वाळले, तर क्विंटलमागे साडेतीन किलो वजन केवळ हवेत जाते. म्हणजे आमच्या कट्ट्यांतले ५७ किलो पाणी म्हणूनच उडाले असण्याचा संभव होता. मात्र घरून निघताना आम्ही ओलावा मोजला नव्हता. सबब ते ६१ किलो उन्हाने नेले, उंदराने नेले, की कोणा माणसाने, हे आम्हास आजही सांगता येत नाही. ज्या काटेवाल्यास बोललो तो आता हयात नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनीचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या धानाचा हिशेब ठेवला नाही, त्याचे हे फळ.

आता रेल्वेच्या बाजूचे गणित पाहू. बंदिस्त वाघिणीत साधारण ६० टन तांदूळ धरला आणि ४२ वाघिणींची एक पूर्ण मालगाडी धरली, तर २,५२० टन, म्हणजे २५,२०० क्विंटल तांदूळ होतो. भरडाईचा उतारा शेकडा ६७ धरता यास सुमारे ३७,६०० क्विंटल धान लागते. घरटी २५ क्विंटल धान विक्रीस निघते असे समजल्यास दीड हजार घरांचा माल एका गाडीत मावतो. गाडी भरण्यास ठराविक तास मिळतात. त्यापुढे दर वाघिणीमागे दर तासास डेमरेज द्यावे लागते. कास्तकाराचे माप कट्टा व बंडी, रेल्वेचे माप पूर्ण गाडी. या दोन मापांमधील जागा आजवर व्यापारी, गिरणीवाला व हुंडेकरी यांनी भरून काढली व तिचा मोबदलाही त्यांनीच घेतला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ते काम त्यांना येत होते आणि आपणास येत नव्हते.

लहान माल रेल्वेने जाऊच शकत नाही, असेही नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधील दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली. तीत थोडक्या मालासही जागा होती. त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी गाडी सांगोल्याहून बंगालमधील शालिमारला गेली. फळ व भाजी वेगाने जावी लागतात. धानास वेगाची घाई नाही. त्यास कोरडी जागा, नेमकी तारीख व कमीत कमी उतार-चढाव हवेत. आपल्या मालाची गरज कोणती, हे आपणच रेल्वेस आकड्यांनिशी सांगितले पाहिजे.

आकडे कोठून आणावयाचे? नागभीडजवळच्या नांदेड या खेड्यातील दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. शिक्षण अगदी थोडे, जमीन त्याहून थोडी. तरी १९८० च्या दशकात धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निवडून ठेवल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या, आणि त्यातून एचएमटी हे वाण उभे राहिले. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले. त्यांचे धान अद्याप घरोघरी शिजते. पाहणे, वेगळे ठेवणे व पुन्हा पाहणे, हेच संशोधन. बियाण्याच्या बाबतीत जे एका माणसास साधले, ते वाहतुकीच्या बाबतीत एका संघास साधू नये काय?

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, या खरिपापासून प्रत्येक सभासदाने एक वही आखावी. तीत सात रकाने असावेत: मळणीची तारीख, घरचे वजन, ओलावा, माल निघाल्याची तारीख, वाहनाचे भाडे व हमाली, पोहोचल्याची तारीख, आणि पोहोचलेले वजन. ओलावा मोजण्याचे यंत्र गावास एक पुरे; ते संघाने घ्यावे. दुसरी, २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आपल्या दोन जिल्ह्यांचे आहे. दोन हंगामांच्या वह्या जमल्या म्हणजे त्या तेथील विद्यार्थ्यांपुढे अभ्यासासाठी ठेवाव्यात. मालधक्का कोठे असावा, त्यास छप्पर किती, गोदाम किती दूर, या प्रश्नांची उत्तरे त्यातून निघतील व ती रेल्वेपुढे मांडता येतील. तिसरी, बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींत ज्यांची गणिताकडे ओढ असेल, त्यांतील एक-दोघांस वाहतुकीच्या शिक्षणास धाडण्याचा खर्च संघाने उचलावा. डॉक्टर व तलाठी घरात असावा, असे आपणास वाटते. मालगाडीचा हिशेब जाणणारा माणूसही घरात असावा, असे वाटावयास हवे.

कोळशाची गाडी आली तेव्हा आपले पूर्वज काठावर उभे राहून ती पाहत होते. बांबूची आली तेव्हा आपण भरण्याची मजुरी केली. वडशाहून गडचिरोलीस जाणारी गाडी येईल तेव्हा आपण कोठे उभे असू, हे पुढल्या चार-दोन हंगामांत ठरणार आहे. वहीस खर्च पन्नास रुपये आहे. कट्टा घराबाहेर पडण्यापूर्वी पहिली ओळ लिहावी, एवढीच विनंती.