छायाचित्रांची व्यवस्था

पूर्वी घरात छायाचित्रांची एखादीच वही असे. लग्नाचा समूह, मुंजीचा बटू, शाळेचा वर्ग, एवढाच तिचा पसारा. आज घरोघरच्या मोबाइलमध्ये हजारो चित्रे साठतात. पण हवे ते चित्र वेळेवर सापडणे दुर्घट झाले आहे. हा पसारा आवरण्यास संगणकावरील सॉफ्टवेअर कसे उपयोगी पडते, ते आपण पाहू.

अशा प्रत्येक छायाचित्राच्या पोटी एक अदृश्य टिपण असते. चित्र केव्हा व कोणत्या कॅमेऱ्याने घेतले, आणि सोय चालू असल्यास कोठे घेतले, हे त्यात नोंदलेले असते. 'एक्झिफ' नावाची ही पद्धत जपानात १९९५ साली सिद्ध झाली. तिच्या आधारे 'डिजिकॅम'सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर चित्रे कालक्रमाने लावते. शिवाय ते एकाच चित्राच्या दोन प्रती हुडकते आणि सारखे चेहरे एकत्र आणते. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या चित्रातून मात्र हे टिपण गळून जाते. म्हणून मूळ प्रत जपावी.

चेहरा जुळविणे निराळे आणि नाव ठाऊक असणे निराळे. नाव आपणच द्यावयाचे असते. घरी कोकणी, शाळेत मराठी व बाजारात कानडी बोलणाऱ्या आम्हां मंडळींना येथे विशेष सावध राहिले पाहिजे. १ नोव्हेंबर २०१४ पासून 'हुबळी'चे अधिकृत नाव 'हुब्बळ्ळी' झाले. काही चित्रांना एक रूप व काहींना दुसरे दिले, तर शोधताना अर्धीच चित्रे हाती लागतात. यास्तव कोणतेही एकच रूप ठरवून ते पाळावे. तसेच 'काका', 'आत्या' एवढेच न लिहिता पूर्ण नाव लिहावे; कारण आज तुमचे जे काका, ते उद्या तुमच्या मुलांचे आजोबा होतील.

ही नावे चित्राच्या टिपणातच लिहून ठेवण्याची सोय असते. ती अवश्य वापरावी. गूगलने आपले लोकप्रिय 'पिकासा' २०१६ साली बंद केले. सॉफ्टवेअर येते आणि जाते. चित्रे मात्र टिकावयास हवीत. म्हणून सर्व संग्रहाची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणीही ठेवावी.

इतके करूनही, जुन्या समूहचित्रात कोपऱ्यात उभी असलेली नऊवारीतील स्त्री कोण, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही. ते आजीलाच ठाऊक असते. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत तिच्याजवळ बसून ती नावे लिहून घ्या. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.