पटाची मजा, बैलाचा मान

धानाचे पुंजणे चुरून झाले, कोठ्या भरल्या, की गोंदिया जिल्ह्यात शंकरपटाचे दिवस येतात. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी, त्यावर तोल सांभाळणारा धुरकरी आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले गाव. जोडी सुटते आणि काही सेकंदांत सगळे संपते. पण त्या निमित्ताने घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. रात्री झाडीपट्टीतले नाटक रंगते. या पटात सगळ्या समाजांचा हात असतो. बैलांना नाल ठोकणारे नालबंद तर अनेक गावांत आपल्यातलेच. म्हणून पट चांगला राहावा, ही जबाबदारी आपलीही आहे.

हा पट मधली काही वर्षे बंद होता, हे विसरून चालणार नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. कारण उघड होते. बैलाची शेपटी पिरगाळणे, चावणे, खिळ्याची तुतारी टोचणे, विजेचा झटका देणे असे प्रकार होत होते. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला.

मात्र ही परवानगी अटींसह आहे. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आधी घ्यावी लागते. पशुवैद्यकाने बैल तपासावे लागतात. धाव एक हजार मीटरहून लांब नको. काठी, चाबूक, तुतारी, झटक्याचे यंत्र काहीही चालत नाही. बैलाला इजा केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पण कायद्याचा माणूस प्रत्येक छकड्यामागे धावू शकत नाही. तिथे असतो तो प्रेक्षक. आम्ही लहानपणी पट बघायला जायचो, तेव्हा बैलाला टोचले की लोक टाळ्या वाजवत आणि आम्हीही वाजवत होतो. आज त्याची लाज वाटते. ती टाळी थांबली असती, तर टोचणेही लवकर थांबले असते.

म्हणून मुलांना पटाला जरूर न्या, पण दोन गोष्टी सांगून न्या. धापा टाकणारा, लंगडणारा बैल दिसला तर आयोजकांना सांगायचे. आणि हरलेल्या जोडीची टिंगल करायची नाही. त्या शेतकऱ्याने वर्षभर स्वतःच्या घासातून त्या बैलांना ढेप-कडबा खाऊ घातलेला असतो. हरून घरी गेल्यावर त्याचा राग मुक्या जनावरावर निघू नये, हे आपल्या शब्दांवरही अवलंबून असते.

जोडीवर पैसे लावणाऱ्यांपासून तर दूरच राहा. जुगार आपल्याला हराम आहेच, शिवाय बैलाला मार बसतो तो बहुधा याच पैशापायी. पैसा लागला की बैल बैल राहत नाही, बोली होतो.

धाव संपल्यावर धुरकरी आधी बक्षिसाकडे जातो की बैलांच्या पाठीवर हात फिरवतो, हे मुलांना बघायला सांगा. चांगला धुरकरी कोण, हे त्यांना आपोआप कळेल.