लाखोळीतील ओडॅप प्रयोगशाळेत कसे मोजतात?

वनस्पती आपल्या बियांत काही द्रव्ये साठवून ठेवते. त्यातील काही माणसाच्या शरीरावर परिणाम करतात. कॉफीच्या बियांतील कॅफीन हे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. अरेबिका जातीत ते साधारण १ ते १.५ टक्के असते, तर रोबस्टात सुमारे दुप्पट. दोन्ही बिया चवीवरून ओळखता येतील, पण नेमके प्रमाण सांगायला प्रयोगशाळाच लागते. आपल्या भागातील लाखोळीचेही तसेच आहे. फरक एवढाच की येथे प्रश्न पायाच्या लुळेपणाचा आहे.

मोहाडी तालुक्यातील करडी परिसरात आणि एकूणच भंडारा जिल्ह्यात धान कापणीच्या १०-१५ दिवस आधी ओल असलेल्या बांधीत लाखोळी फेकून उतेरा घेण्याची पद्धत जुनी आहे. नांगरट नाही, पाणी नाही, तरी पीक हाती येते. दाण्यात सुमारे २८ टक्के प्रथिने असतात. परंतु याच दाण्यात ओडॅप (जुने नाव बीओएए) नावाचे विषारी अमिनो आम्ल असते. १९६३-६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळे करून ओळखले. रोजच्या जेवणात लाखोळी हेच मुख्य अन्न होऊन असे दोन-तीन महिने किंवा अधिक काळ चालले, तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. मध्य प्रदेशातील रेवा भागात, तसेच बांगलादेश व इथिओपियात दुष्काळाच्या काळात असे रुग्ण आढळले. याच भीतीने १९६१ साली विक्रीवर बंदी आली. ती उठवावी यासाठी नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी अनेक वर्षे आंदोलन केले. या वादाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : दाण्यात ओडॅप किती?

मोजण्याची पद्धत

१. दाणे बारीक दळून चाळतात व ठरावीक वजनाचे पीठ घेतात.
२. पीठ ६० टक्के अल्कोहोलमध्ये ढवळून गाळतात. ओडॅप द्रावणात उतरते.
३. द्रावणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ते उकळत्या पाण्याच्या पात्रात सुमारे ३० मिनिटे ठेवतात. ओडॅपचे विघटन होऊन डायअमिनो-प्रोपिऑनिक आम्ल तयार होते.
४. ऑर्थो-थॅलाल्डिहाइड हे रसायन घातले की पिवळा रंग येतो. ओडॅप जितके जास्त, तितका रंग गडद.
५. वर्णमापक यंत्रावर ४२० नॅनोमीटरला रंगाची तीव्रता मोजून ती माहीत प्रमाणाच्या द्रावणाशी ताडून पाहतात. न उकळलेला भागही तपासून त्याचा आकडा वजा करतात.

ही पद्धत डॉ. एस. एल. एन. राव यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. ती स्वस्त आहे, पण तिच्यात एक उणीव आहे. ओडॅपची अल्फा व बीटा ही दोन रूपे तिला वेगळी ओळखता येत नाहीत, आणि विषारी रूप मुख्यतः बीटा आहे. दोन्ही वेगळी मोजायची तर एचपीएलसी यंत्र वापरावे लागते.

आकड्याचा अर्थ

अहवालात ०.३ टक्के लिहिले असेल तर एक किलो दाण्यात ३ ग्रॅम ओडॅप आहे असे समजावे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये प्रसारित केलेल्या 'रतन' वाणात हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा कमी असते. रायपूरच्या विद्यापीठाचे 'प्रतीक' व 'महातिवडा' हेही कमी ओडॅपचे वाण आहेत. मात्र वाणाचे नाव म्हणजे हमी नव्हे. मधमाश्यांमुळे शेजारच्या गावरान पिकाशी संकर होतो, खळ्यावर भेसळ होते. पाण्याचा ताण व जमिनीतील जस्ताची कमतरता यांमुळेही ओडॅप वाढते.

नमुना कसा घ्यावा?

एकाच पोत्याच्या तोंडावरचे मूठभर दाणे पाठवू नयेत. प्रत्येक पोत्यातून वर, मध्ये व खाली असे दाणे काढून एकत्र करावेत. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत. असे करीत अर्धा किलो उरवावा. कोरड्या कापडी पिशवीत भरून वाण, शेत व कापणीची तारीख लिहावी. ही तपासणी नेहमीच्या माती परीक्षणात होत नसते. म्हणून नमुना कोठे पाठवावा याची चौकशी आधी साकोली येथील कृषी विज्ञान केंद्रात करावी.

घरी काय करावे?

ओडॅप पाण्यात विरघळते. दाणे किंवा डाळ गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे बराच अंश निघून जातो. पूर्ण जात नाही, आणि थोडी जीवनसत्त्वेही वाहून जातात. नुसते भाजल्याने भरवसा धरू नये. लाखोळी हे रोजचे एकमेव अन्न होऊ देऊ नये. तिच्याबरोबर भात, इतर डाळी व भाजीपाला असावा.

बियाण्यासाठी लाखोळी ठेवणाऱ्यांनी कमी ओडॅपचे प्रमाणित बियाणे घ्यावे, दर तीन-चार वर्षांनी बदलावे व शक्य असेल तेव्हा तपासून घ्यावे. विक्रीपूर्वी सध्याचे नियम अन्न व औषध प्रशासनाकडे विचारावेत. उतेऱ्याचे हे पीक सोडण्याचे कारण नाही, परंतु बांधीत कोणते बी पडते हे आपल्याला माहीत असले पाहिजे.