पणजोबांची जमीन कागदावर कशी शोधावी?

जोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे पन्हाळा तालुक्यातल्या वाडी रत्नागिरीत किंवा पायथ्याच्या गावांत पणजोबांची जमीन होती, असं घरात ऐकलेलं असतं. हाती कागद मात्र नसतो. अशा वेळी आजच्या सातबाऱ्यापासून मागे मागे जावं.

उताऱ्यावर वर्तुळातले आकडे फेरफारांचे असतात. तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज करून ते फेरफार काढावेत. जमीन खरेदीनं गेली, वाटणीत गेली, वारसानं आली की कुळाकडे गेली, हे तिथे कळतं. कंसात टाकलेलं नाव म्हणजे हक्क कमी झालेला धारक. गट नंबर एकत्रीकरणानंतरचा असेल, तर जुना सर्व्हे नंबर भूमी अभिलेख कार्यालयातल्या जबाबावरून जुळवावा. नोंदणीकृत खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे शोधावं.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीच्या दप्तरासाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार गाठावं. बरेच कागद मोडीत असल्यानं जाणता वाचक सोबत हवा.

सनद सापडली, तर ती कशासाठी दिली होती ते आधी पाहावं. देवाच्या पूजाअर्चेसाठी दिलेली जमीन देवस्थान इनाम, म्हणजे वर्ग ३. तिथे मालक देव. पुजारी फक्त वहिवाटदार. वतनाची जमीन असेल, तर वतन खालसा झाल्यावर ती कोणाला, कोणत्या शर्तीवर परत दिली, तो आदेश शोधावा. जुन्या कागदावर पूर्वजाचं नाव आहे, एवढ्यावरून आज मालकी सिद्ध होत नाही.