चावीतला तांदळाएवढा पहारेकरी

वसई रोड स्टेशनबाहेर चावीवाल्याच्या टपरीपाशी पाच मिनिटे उभे राहिले, की एक कोडे हमखास पाहायला मिळते. गिऱ्हाइकाने मोटारीची जुनी चावी दिलेली असते आणि तिच्यावरून मशीनवर नवी कापून तयार असते. दोन्ही एकमेकींवर धरून पाहाव्यात, तर दाते तंतोतंत जुळतात. नवी चावी दाराच्या कुलपात फिरते, इग्निशनमध्येही फिरते. इंजिन सुरू होते आणि दोनेक सेकंदांत बंद पडते. डॅशबोर्डवर चावीचे चित्र असलेला लाल दिवा भराभर लुकलुकू लागतो. जुनी चावी लावली, की तीच गाडी निमूटपणे चालू.

फरक असतो तो चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात. तिथे तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी काचेची नळी किंवा काळ्या पाचरीसारखा तुकडा बसवलेला असतो. हा ट्रान्सपॉन्डर, दुकानाच्या भाषेत नुसती ‘चिप’. त्याला बॅटरी नाही, तार नाही, बटण नाही. तरीही गाडी सुरू व्हायची की नाही, हे तोच ठरवतो. आपल्या रोजच्या वापरातल्या यंत्रांत इतके लहान आणि इतके विलक्षण दुसरे काही क्वचितच सापडेल.

कानस आणि काजळी

कुलूप आणि चावी ही माणसाची फार जुनी जोडी. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी कुलपे होती. चावीच्या खुंट्यांनी आतल्या खुंट्या उचलल्या, की अडसर सरकायचा. हेच तत्त्व घेऊन अमेरिकेतल्या लायनस येल धाकट्याने १८६० च्या दशकात धातूचे आटोपशीर कुलूप घडवले. मुंबईत १८९७ साली आर्देशीर गोदरेज यांनी लालबागला कुलपे बनवायला सुरुवात केली. मोटारीच्या कुलपात खुंट्यांच्या जागी पातळ पितळी पट्ट्या असतात. योग्य चावी गेली, की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि नळी फिरते.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून बाहेर पडलेल्या पद्मिनीपर्यंत गाडीची चावी म्हणजे एवढेच होते. ती हरवली तर कानस घेऊन बसणारा कारागीर पुरायचा. त्याचे काम जवळून पाहण्यासारखे असते. कोरी पट्टी तो दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळीने काळी करतो, कुलपात घालतो, हलकेच डावी-उजवीकडे दाबतो आणि बाहेर काढून उजेडात धरतो. काळ्या पृष्ठावर सुईच्या टोकाएवढे चकाकते ठिपके उमटलेले असतात. आतल्या पट्ट्या तिथे अडलेल्या असतात. त्या ठिपक्यांवर कानशीचे दोन हात मारायचे, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर, कुलूप न उघडता आणि मूळ चावी न पाहता, चावी तयार होते. हे कसब आजही चिपइतकेच अचंबित करणारे आहे.

पण जे प्रामाणिक कारागिराला जमते, ते चोरालाही जमते. म्हणून गाडी बनवणाऱ्यांना धातूपलीकडचा उपाय शोधावा लागला. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या चावीत छोटासा विद्युत रोधक बसवला. त्याची १५ मूल्ये होती. गाडी ते मूल्य मोजायची आणि जुळले तरच चालू व्हायची. १५ पर्याय चोराला फार नव्हते. नव्वदच्या दशकात ट्रान्सपॉन्डर आला. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ही, चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी इमोबिलायझर यंत्रणा सक्तीची केली आणि कॅनडाने सप्टेंबर २००७ पासून. आपल्याकडे मारुतीने तिला ‘आयकॅट्स’ नाव दिले आणि ती मध्यमवर्गाच्या दारात पोहोचवली.

या दाण्याची किंमत अमेरिकेला २०२२ च्या सुमारास कळली. तिथे इमोबिलायझरची सक्ती नव्हती. ह्युंदाई आणि किया यांच्या साध्या चावीच्या अनेक गाड्या चिपशिवाय विकल्या गेल्या होत्या. त्या पळवण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरली आणि चोऱ्यांची लाट आली. शेजारच्या कॅनडात सक्तीमुळे त्याच कंपन्यांच्या गाड्यांत चिप होती, आणि तिथे ती युक्ती चालली नाही.

सवाल आणि जवाब

बॅटरी नसलेली चिप बोलते कशी? इग्निशनच्या तोंडाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. चावी फिरवताच गाडी त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचा प्रवाह सोडते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले, की बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत वीज निर्माण करते. चिपच्या आत केसाहून बारीक तारेचे असेच वेटोळे असते. त्यात वीज उत्पन्न होते, चिप जागी होते आणि त्याच उसन्या विजेवर उत्तर देते.

उत्तरही साधे नसते. चिपने दर वेळी एकच परवलीचा शब्द सांगितला असता, तर कोणीही तो ऐकून ठेवला असता. म्हणून बहुतेक गाड्या दर वेळी नवा, कसलाही अंदाज न येणारा आकडा विचारतात. चिपच्या पोटात एक गुप्त संख्या असते. तिच्या मदतीने चिप त्या आकड्यावर गणित करून जवाब पाठवते. गाडीला ती गुप्त संख्या ठाऊक असल्याने तीही तेच गणित करून पाहते. दोन्ही जवाब जुळले, तरच इंधन सुरू राहते. हे सगळे डोळ्याची पापणी लवेपर्यंत होते.

एका गाजलेल्या चिपमध्ये ही संख्या ४० बिटांची होती. म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. तरीही २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ती फोडून दाखवली. त्यानंतर अधिक लांब गुप्त संख्यांच्या चिपा आल्या. पहारेकरी आणि चोर यांची ही शर्यत आजही चालू आहे.

रिमोटचे बटण हे मात्र वेगळे खाते. ते बॅटरीवर चालते, आपल्याकडे बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलते आणि दर दाबण्याला नवा संकेत पाठवते. कीलॉक या प्रसिद्ध पद्धतीत गाडी पुढचे १६ संकेत सहज स्वीकारते. लहान मुलाने घरात बसून पन्नास वेळा बटण दाबले, तर गाडी पहिल्या दाबण्याला दाद देत नाही. गाडीजवळ जाऊन लागोपाठ दोनदा दाबले, की पुन्हा मेळ जमतो.

घरी काय करता येते

आपल्या चावीत चिप आहे का, हे ओळखायला स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल पुरतो. चावीच्या डोक्याला त्याचे तीन-चार घट्ट थर गुंडाळा, फक्त पाते उघडे ठेवा आणि गाडी सुरू करून पाहा. चालू झालीच नाही किंवा होऊन बंद पडली, तर चिप आहे. फॉइल काढताच सगळे पूर्ववत होते.

चावीचे फुटलेले कवच घरी बदलता येते. बाजारात कोरी कवचे मिळतात. पण टेबलावर पांढरा कपडा पसरूनच जुने कवच उघडा. रिमोटची हिरवी पट्टी डोळ्यांत भरते, म्हणून लोक तेवढीच उचलून नव्या कवचात बसवतात. चिप बऱ्याचदा त्या पट्टीवर नसते; कवचाच्या एका कोपऱ्यात, कचरा वाटावा अशी चिकटून बसलेली असते. ती जुन्या कवचाबरोबर टोपलीत गेली, की दारे उघडतात पण गाडी चालू होत नाही. आधी चिप हुडका, मग बाकीचे.

नवी जादा चावी घडवण्याचे दोन टप्पे आहेत: कापणे आणि ओळख करून देणे. कापताना झिजलेल्या चावीवरून नक्कल करू नये. झीजही तशीच उतरते आणि नकलेची नक्कल केली, की कुलूप अडू लागते. नव्या गाडीबरोबर चावीचा क्रमांक कोरलेली छोटी पट्टी मिळते. त्या क्रमांकावरून कारखान्यातल्यासारखे मूळ दाते कापता येतात. ती पट्टी जुडग्यात अडकवू नका, आरसीच्या फायलीत ठेवा. कोरी चावी घेताना चिपचा प्रकार जुळायलाच हवा. आकार तोच आणि चिप निराळी असेल, तर पैसे पाण्यात. दुसऱ्या गाडीची वापरलेली चावीही घेऊ नये, कारण अनेक चिपा एकदा एका गाडीशी बांधल्या गेल्या, की पुन्हा कोऱ्या होत नाहीत.

ओळख करून देण्याचेही दोन मार्ग. क्लोन म्हणजे जुन्या चिपची हुबेहूब नक्कल. गाडीला ती जुनीच चावी वाटते. प्रोग्रामिंग म्हणजे नव्या चिपची गाडीच्या स्मृतीत स्वतंत्र नोंद. दुसरा मार्ग बरा, कारण त्यात हरवलेल्या चावीची नोंद पुसता येते आणि ती कोणाला सापडली तरी गाडी चालू होत नाही.

फोर्डच्या अनेक गाड्यांत हे काम मालकाला स्वतः करता येते, मात्र चालू असलेल्या दोन चाव्या हाताशी हव्यात. पहिली चावी लावून काही सेकंद ऑन करायची, बंद करून काढायची. लगेच दुसरीने तेच करायचे. मग नवी लावायची. गाडी तिची नोंद करून घेते. अशा ८ चाव्या नोंदवता येतात. नेमके सेकंद गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात. बहुतेक इतर गाड्यांत मात्र स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडावे लागते आणि गाडीचा सुरक्षा पिन लागतो. तिथे हट्ट न धरता अधिकृत केंद्राकडे किंवा जाणकार चावीवाल्याकडे आरसी आणि ओळखपत्र घेऊन जावे. जो ही कागदपत्रे मागतो, तोच विश्वासाचा. काम चालू असताना गाडीची बॅटरी भरलेली हवी. मध्येच ताकद घसरली, तर गाडीचा संगणकच अडकून पडू शकतो.

आपल्या किनाऱ्यावर

वसई-विरारमध्ये दुसऱ्या चावीची गरज इतरांहून जास्त आहे. सकाळी घरचा माणूस गाडी स्टेशनजवळ लावतो आणि विरार लोकल पकडतो. चावी त्याच्या खिशातून ६० किलोमीटर दूर चर्चगेटला जाते. दुपारी घरात कोणाला दवाखान्यात न्यायचे असेल, तर गाडी जवळ असूनही नसल्यासारखी. अर्नाळ्याच्या होडीतून, कळंब-राजोडीच्या वाळूत चावी निसटली, तर भरतीच्या आत ती सापडणे नशिबाचे. आणि पाऊस तर पाचवीलाच पुजलेला. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा घराघरांत पाणी शिरले होते.

भिजलेल्या चावीतली चिप मात्र तग धरते. ती काचेत किंवा राळेत बंद असते. मरते ती रिमोटची पट्टी, कारण खारे पाणी तांबे खाते. लगेच सेल काढा, पट्टी गोड्या पाण्याने हलकेच धुवा, शक्य तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि सावलीत पुरती वाळवा. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीच्या चावीचा सेल गेला, तरी धीर सोडू नका. बहुतेक गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवली, की तोच बॅटरीविना चालणारा दाणा उसन्या विजेवर जागा होतो.

चावी हरवलीच, तर पोलीस ठाण्यात नोंद करा. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात. हरवल्याची नोंद तेव्हा उपयोगी पडते.

पूर्वी वसईच्या सहकारी बँकांत खाते उघडायला कोणा जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागायची. चिपच्या गाडीचेही तसेच आहे. नव्या चावीची ओळख करून द्यायला गाडीला माहीत असलेली चावी असेल, तर काम थोड्या वेळात आणि थोड्या खर्चात होते. एकही उरली नाही, तर गाडी टो करणे, केंद्राच्या फेऱ्या, कधी कधी संगणकाचा भागच बदलणे, एवढी पाळी येते. तुमच्या एमएच ४८ पाटीच्या गाडीला आज एकच चावी असेल, तर ती खिशात आहे तोवरच या रविवारी तिला घेऊन चावीवाल्याकडे जा. नवी चावी लावल्यावर लाल दिव्याकडे लक्ष ठेवा. तो दोन-तीन सेकंद स्थिर राहून विझला आणि इंजिन चालू राहिले, की समजा, पहारेकऱ्याची ओळख पटली.